पेरूला जाण्याआधी

मार्गशीर्ष लागला की सावेडीत आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पेरूची हातगाडी उभी राहते. गाडी दिसण्याआधी वास येतो. चिकू मुका असतो, आंबा पेंढ्यात झाकून ठेवता येतो. पेरू मात्र कपाटात कोंडला तरी दुसऱ्या दिवशी घरभर सांगत सुटतो की मी इथे आहे. माझी बायको दरवर्षी हौसेने घेते, फोडी करते, तिखटमीठ लावते आणि बशी स्वतःकडे ओढून घेते. "यांना पेरू बाधतो," असं ती पाहुण्यांना सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मीच तिला तसं सांगितलं होतं. बाधत वगैरे काही नाही.

यंदा त्या बशीपाशी माझ्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याची मुलगी बसली होती. ती स्पेनला शिकायला चालली आहे. तिकडची भाषा येणारा ओळखीतला माणूस मीच, म्हणून चार शब्द विचारायला आली होती. तिच्याकडे एक वही होती आणि वहीत प्रश्न लिहून आणले होते. एक प्रश्न असा होता : "काका, तुम्ही जाण्याआधी तिकडचं काय चित्र होतं हो तुमच्या डोक्यात?"

मी नेहमीच्या गमती सांगितल्या. मला वाटायचं तिकडे सगळे घोड्यावरून कॉलेजात जात असतील. मला वाटायचं स्पॅनिश माणसं सावकाश बोलतात, कारण मी ऐकलेला एकमेव नमुना सावकाश बोलायचा. ती हसली, बायको हसली. मग तिने सहज विचारलं, "पण बटाट्याचे रोग शिकायला पेरू देशाला, तेही बहात्तर-त्र्याहत्तरला. घरच्यांना कसं पटवलंत?"

"पटवावं लागलं नाही," मी म्हणालो.

हे खरं आहे. इतक्या वर्षांत या विषयावर मी जे जे बोललो, त्यातलं हे एकच वाक्य पूर्ण खरं असेल.

राहात्याच्या खालच्या अंगाला, पाटाला लागून आमची दोन एकर पेरूची बाग होती. वडिलांनी लावलेली. मी दुसरीत असताना ते गेले. दादा तेव्हा सातवीत होता. तो वर्ष संपवून बागेत गेला तो गेलाच. मी अकरावी झालो, पुण्याला शेतकी कॉलेजात गेलो. आम्हा दोघांत कागदावर काही नव्हतं, पण ठरलेलं होतं : त्याने बाग धरायची, मी शिकायचं, आणि शिकून झालं की परत येऊन बागेचा अर्धा भार उचलायचा. सुट्टीत आलो की तो मला झाडांपुढून फिरवायचा आणि म्हणायचा, "बघून ठेव. ह्यो तुजा, ह्यो माजा, ह्यो चिमण्यांचा."

पेरूला ताण द्यावा लागतो, हे बागायतदाराच्या घरात लहान मुलालाही माहीत असतं. उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडायचं. झाडाला तहानलेलं ठेवायचं, पानं गळू द्यायची, बघवत नाही अशी अवस्था होऊ द्यायची. मग मृगाच्या तोंडावर पाणी दिलं की झाड चिडल्यासारखं फुलतं. यालाच बहार धरणं म्हणतात. कॉलेजात मी याची शास्त्रीय कारणं शिकलो, परीक्षेत लिहिली, चांगले गुण मिळवले. पण दादा ज्या दिवशी पाणी तोडायचा त्या दिवशी नीट जेवायचा नाही, हे कारणांच्या यादीत कुठेच नव्हतं.

बहात्तर साली ताण कुणाला द्यावाच लागला नाही. पाऊस आलाच नाही. पाटाला एकदा पाणी सुटलं, मग पाटाच्या तळात पोरं विटीदांडू खेळायला लागली. कर्जतकडची माणसं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन सडकेच्या कामावर खडी फोडायला आली होती. संध्याकाळी त्यांच्या चुली रस्त्याच्या कडेला ओळीने पेटायच्या. आमच्या बागेत त्या वर्षी पेरू लिंबाएवढे झाले. पण गोड इतके, की एक खाल्ला तरी बोटं चिकटायची. दादाने कुंपणाला एक फट ठेवली होती. "पडलेलं उचला," तो खडीवरच्या बायांना सांगायचा, "झाडाला हात लावू नगा." त्या हात लावायच्या नाहीत. पण त्या यायच्या वेळेला दादाच एखादी फांदी हलवून ठेवायचा.

त्याच हिवाळ्यात खालच्या ओळीत मर लागली होती.

मर म्हणजे पेरूचा मोठा रोग. फांदीच्या शेंड्याची पानं पिवळी पडतात, वळतात, फांदी वाळते, आणि मग काही आठवड्यांत अख्खं झाड उभ्याउभ्या मरतं. फळं गळतसुद्धा नाहीत. दगडासारखी काळी होऊन तिथेच लटकून राहतात. बागेच्या खालच्या टोकाला पूर्वी पाटाचं पाणी तुंबायचं, तिथल्या पाच झाडांत ती शिरली होती. एकूण बारा ओळी होत्या. अकरा चांगल्या होत्या.

आणि मला उपाय माहीत होता. हे मी आज प्रथमच लिहितो आहे, म्हणून सरळ लिहितो. मरीला औषध नाही. रोगट झाड दिसताक्षणी मुळासकट उपटायचं, जागेवर जाळायचं, खड्डा उघडा ठेवून त्यात चुना टाकायचा, आणि त्या भागाभोवती चर खणायचा, म्हणजे मुळातून मुळात रोग सरकत नाही. तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात ते चार ओळींत होतं. त्या चार ओळी मला पाठ होत्या.

दिवाळी होऊन गेल्यावर पुण्याहून आमच्या सरांचं पत्र आलं. तिकडच्या सरकारची शिष्यवृत्ती, दोन वर्षं, जाण्यायेण्यासकट. बटाट्याच्या रोगांचा अभ्यास. माझं नाव पक्कं झालं होतं. निघायचं फेब्रुवारीत. पत्र घेऊन मी बागेत गेलो तेव्हा दादा करंड्यांत पाला अंथरत होता. वहिनी पेरू निवडत होत्या. मी काय सांगायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं : दादा, आपलं ठरलं होतं ते मला मोडायचं आहे. हे वाक्य पाटावरून बागेपर्यंत दहादा म्हणून झालं होतं.

"दादा, मला परदेशी बोलावलंय. शिकायला. पेरूला."

त्याने पाला खाली ठेवला. "पेरूला?"

"हो."

तो उठला. हात धोतराला पुसले. त्याच्या तोंडावर जे उमटत गेलं ते मी आजवर कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. "पेरूचं शिकायला? परदेशात?" मग वहिनींकडे वळून म्हणाला, "आगं ऐकलं का. सरकारला बी कळलं म्हन, पेरूला डाक्टर लागतो. आन् आपल्याच घरातला नेला."

"देशाचं नाव हाय का ते?" वहिनींनी विचारलं.

"मंग. जिथं पेरू पिकतो त्यो पेरूचा देश. नागपूरला संत्री न्हाईत का?"

मला बोलायला एवढीशीच जागा होती. एक श्वास घेऊन "नाही रे, हा पेरू वेगळा" म्हणायला जेवढी लागते तेवढी. मी ती जागा जाऊ दिली. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की आत्ता नको, त्याचा आनंद जरा बसू दे, उद्या सांगू. खोटं बोललो नाही, नुसता गप्प बसलो, असंही सांगितलं. गप्प बसण्याला आपल्याकडे फार मान आहे. मला लहानपणापासून लोक शहाणा म्हणत आले ते मी गप्प असतो म्हणूनच.

दादा संध्याकाळपर्यंत राहात्याच्या बाजारात सांगून आला. तोवर मी बाळ्या होतो. त्या दिवसापासून चार माणसांत तो मला बाळासाहेब म्हणायला लागला.

चार दिवसांनी सकाळी तो कुऱ्हाड आणि टिकाव घेऊन खालच्या ओळीकडे निघालेला दिसला. शेजारच्या मळ्यातल्या एका म्हाताऱ्याने त्याला सांगितलं होतं : ती पाच झाडं काढून जाळ, न्हाईतर बाग खाईल. म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हतं, आणि तो बरोबर होता. दादाने जाताजाता मला विचारलं, "काय म्हनतो तू? काढू का?"

मी 'काढ' म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. काढणं हाच उपाय असेल, तर मग तू तिकडे दोन वर्षं काय शिकायला चाललास? मग मला सगळंच सांगावं लागलं असतं : बटाटा, शिष्यवृत्ती, आणि मला बागेत परत यायचंच नाही असं मनात असणंसुद्धा. दादाने नको म्हटलं असतं तर मी गेलो नसतो. तेवढी त्याची माझ्यावर सत्ता होती. म्हणून मी म्हणालो,

"राहू दे. मी येईपर्यंत राहू दे. तिकडे यावर काहीतरी निघालं असेल."

त्याने लगेच कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली. मला आठवतं, तो सुटल्यासारखा हसला. वडिलांच्या हातची झाडं होती ती.

मिशनच्या शाळेत आल्हाट गुरुजी म्हणून होते. तरुणपणी त्यांनी एका स्पॅनिश फादरकडे पाच वर्षं काम केलं होतं आणि तीस-चाळीस वाक्यं त्यांच्या जिभेवर राहिली होती. शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. नकाशाची जाडजूड वही आमच्यामध्ये उघडी असायची. सावकाश बोलणारा नमुना तो हाच. गुरुजी एकेक शब्द फोड करून द्यावा तसे देत : ब्वेनोस दीआस. ग्रासियास. पेरदोन.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात जो देश तयार झाला त्याचा खऱ्या देशाशी काही संबंध नव्हता, हे मला पुढे कळलं. एका पुस्तकात मी वाचलं होतं की लिमा शहरात पाऊस पडतच नाही. डोंगरातल्या बर्फाच्या नद्यांवर सगळं चालतं. त्या साली ते वाचून मला केवढं बरं वाटलं. जिथे पाऊस पडतच नाही तिथे तो पडला नाही म्हणून कुणी रडत नसणार. तिथे आभाळाकडे बघून बोलणं थांबवणारी माणसं नसतील. जांभळे, काळे, लाल असे बटाटे असतील. मी लांब कोट घालीन. तिथल्या भाषेत माझी कुणाशी ओळख नसेल, त्यामुळे त्या भाषेत मी कुणाचा भाऊ नसेन. हे शेवटचं मी मनाशीसुद्धा इतक्या स्पष्ट शब्दांत म्हटलं नव्हतं. पण आशा होती ती हीच. बाकीची सगळी तिची सजावट होती.

आणि तेव्हाच, शेजारच्या खोलीत म्हणावं इतक्या जवळ, दादा दुसरा एक देश तयार करत होता. त्यात मैलोगणती पेरू होते. रात्रीच्या जेवणाला बसलं की त्याचे प्रश्न सुरू व्हायचे.

"तिकडं म्हंजे आपला उन्हाळा त्यो त्यांचा हिवाळा?"

"हो, उलट असतं."

"मंग मृग बहार कवा धरत्यात?"

मी घास गिळून म्हणालो, "डिसेंबरात असेल."

"आन् राघू? राघूंचा तरास आसंल का?"

"राघू तर तिकडे मोठे असतात, दादा. रंगीबेरंगी."

"मंग तर त्यान्ला लई मोठी गोफन लागत आसंल," तो विचारात पडून म्हणाला. त्याला पेरूच्या देशातल्या बागायतदारांची मनापासून काळजी वाटत होती.

एकदा मी पडवीत शब्द घोकत होतो. त्याने विचारलं, पेरदोन म्हणजे काय. मी सांगितलं, चूक झाली, माफ करा.

"पेर दोन?" तो म्हणाला. "चूक झाली तर दोन पेरायचं व्हय? बरा देश हाय. आपल्याकडं नुसतं हात जोडत्यात."

वहिनी हसून हसून बेजार झाल्या. पुढे घरात कुणाच्या हातून काही सांडलं-फुटलं की त्या म्हणायच्या, "पेर आता दोन."

एका रविवारी दादा माझ्याबरोबर गुरुजींकडे आला. त्याला देश पाहायचा होता. गुरुजींनी नकाशा उघडला आणि बोट ठेवलं. दादा वाकून बघत राहिला. मग त्याने त्या आकारावरून स्वतःचा अंगठा फिरवला, अगदी हळू.

"फोडीवानीच दिसतंय की," तो म्हणाला. "गुर्जी, ह्यात बागा कुठं?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशातल्या समुद्राकडे पाहिलं.

"नकाशात बागा दाखवत नाहीत, रंगनाथ," ते म्हणाले.

दादा पुढे निघाल्यावर त्यांनी मला दारात थांबवलं. "त्याला जायच्या आधी सांग, बाळ. मी सांगणार नाही, ते तुझं काम आहे. तिथून पत्राने कळवीन असं मात्र म्हणू नकोस. असलं कुणी पत्राने कळवत नसतं."

निघायच्या आदल्या दिवशी मी सांगायला गेलो होतो. हे स्वतःच्या बाजूने म्हणून लिहीत नाही. गेलो होतो, इतकंच. दादा पाटाच्या कोरड्या कडेवर बसला होता. मी शेजारी बसलो. "दादा, तिकडं मी जे शिकणार आहे ना..." एवढं म्हणालो आणि थांबलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला न्हाई कळायचं रं त्यातलं. सातवी मानूस मी. तू गेलास म्हंजे मीच गेलो, आसं धरलंय म्या." मग माझ्या पाठीवर थाप मारून उठला. माझ्या तोंडातलं वाक्य तिथेच राहिलं.

स्टँडवर तो पेरूची करंडी घेऊन आला. "तिथल्या मास्तरान्ला दे. आपली चव कळू दे त्यान्ला. दुष्काळातलं हाय म्हनून सांग, लहान हाईत म्हनून हसू नगा म्हनावं." मी ती करंडी मुंबईपर्यंत नेली. विमानात फळं नेता येत नाहीत हे मला आधीपासून माहीत होतं. ज्या लॉजवर उतरलो होतो तिथल्या जिन्याखाली ती ठेवली आणि चावी परत देऊन निघालो.

लिमाला पाऊस पडत नाही हे खरं निघालं. पण तिथे सहा-सहा महिने आभाळ धुरकट पांढरं असतं, ऊन नाही आणि सावलीही नाही, हे पुस्तकात नव्हतं. लांब कोट मी घेतला. माणसं फार भरभर बोलायची. पहिल्या महिन्यात मी वर्गात गंमत म्हणून सांगितलं की आमच्या भाषेत तुमच्या देशाचं नाव हे एक फळ आहे. सगळे हसले. कुठलं फळ, असं एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं. मी फळ्यावर काढून दाखवलं. "ग्वायाबा," ते म्हणाले. मग अगदी सहज म्हणाले की ते फळ इथलंच; या भागातल्या जुन्या थडग्यांत त्याच्या बिया सापडतात, इथूनच ते जगभर गेलं; डोंगरउतारावर अजून रानटी झाडं आहेत, पाहायची असतील तर रविवारी चल.

म्हणजे दादा चुकला नव्हता. अंगठा फिरवून त्याने जो देश पाहिला होता तो खरा होता, आणि मी त्यात उभा होतो. मी त्या रविवारी गेलो नाही. पुढच्याही नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. मला त्या झाडांची भीती वाटत होती असं आज म्हणता येईल. तेव्हा मी म्हणायचो, अभ्यास फार आहे.

दादाची पत्रं यायची. बोलायला तो असा, पण लिहायला बसला की शाळेतली भाषा काढायचा. "चि. बाळासाहेब यास अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. खालच्या ओळीतील आणखी चार झाडे पिवळी पडली. तू सांगितल्याप्रमाणे काढलेली नाहीत. औषधाचे काय झाले ते सवडीने कळवावे." पुढच्या पत्रात दुसरी ओळ. त्याच्या पुढच्यात तिसरी, चौथी. प्रत्येक पत्रात 'तू सांगितल्याप्रमाणे' होतं आणि प्रत्येक पत्रात 'सवडीने' होतं. उत्तरात एक ओळ लिहायची होती : दादा, सगळी रोगट झाडं काढून जाळ, आत्ताच्या आत्ता. निळ्या एअरोग्रामच्या पाठीवर त्या ओळीला भरपूर जागा असायची. मी तिथल्या हवेबद्दल लिहिलं. समुद्राबद्दल लिहिलं. बटाट्याच्या रंगांबद्दल लिहिताना एकदा थबकलो आणि तो कागद फाडला.

गुरुजींचं बरोबर होतं, पत्राने कुणी कळवत नसतं.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात परतलो तेव्हा बाग उभी होती आणि त्यात हिरवं काही नव्हतं. बारा ओळी करड्या काटक्यांच्या, त्यावर काळी वाळलेली फळं. दादाने एकही झाड काढलं नव्हतं. मला घेऊन तो ओळीओळीने फिरला, पूर्वीसारखाच. शेवटी विचारलं, "तिकडं बी न्हाई निघालं औषध?"

"नाही निघालं," मी म्हणालो.

"तर मंग तुजा काय दोष," दादा म्हणाला.

ती लाकडं दोन वर्षं जळणाला पुरली. मला नगरला सरकारी नोकरी लागली. दादाने त्या रानात ऊस केला, मग कांदा. पण झाड म्हणून पुन्हा लावलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचा, "माज्या हाताला झाड लागत न्हाई. बापानं लावलेली जगली न्हाईत माज्याकडनं." मुलगा अंगणात नुसतं सीताफळाचं रोप लावायला निघाला, तर म्हणाला, "तू लाव. म्या पानी बी घालनार न्हाई. माजा हात वाईट हाय." ज्या माणसाने सातवीनंतर झाडांशिवाय दुसरं काही पाहिलं नाही, तो सत्तावीस वर्षं हे धरून जगला की आपला हात वाईट आहे. सणावारी राहात्याला गेलो की मी ते ऐकायचो, आणि जेवायचो, आणि परत यायचो.

एखाद्याची बाग जाणं निराळं. पाऊस नाही, रोग आहे, बागा जातात. पण त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास मी काढून घेतला, तोही फक्त गप्प राहून, हे मला त्या मुलीने वही मिटली तेव्हा पुन्हा एकदा दिसलं. जाताना म्हणाली, "काका, मलाही बाबांना काही गोष्टी सांगायच्यात, पण तिकडे गेल्यावर लिहीन." मी तिला गुरुजींचं वाक्य सांगितलं. कुणाचं ते सांगितलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी राहात्याला गेलो.

दादा ओसरीवर कांद्याची रोपं निवडत बसला होता. वहिनी आत भाकऱ्या करत होत्या. मी चप्पल काढली, पाणी प्यायलो, आणि दुसरं काही बोलायच्या आत सांगितलं. पेरू हे देशाचं नुसतं नाव आहे. मी बटाटा शिकायला गेलो होतो. मरीला औषध नसतं हे मला जाण्याआधी माहीत होतं. ती पाच झाडं काढायला हवी होती हे माहीत होतं. मी तुला थांबवलं ते मला जायचं होतं म्हणून. तुझ्या हाताचा काही दोष नाही.

हे सांगायला मला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी वेळ लागला.

दादाने निवडलेली रोपं एका बाजूला सारली. मग त्याने विचारलं, "म्हंजे तवाच काढली आस्ती, तर दुसरी वळ वाचली आस्ती?"

"हो."

"तिसरी?"

"वाचली असती."

"चौथीत त्यो वाकडा हुता. बापानं पयला लावल्याला."

"तोसुद्धा, दादा."

तो थांबून थांबून विचारत गेला. पाचवी. सहावी. प्रत्येक ओळीतलं एखादं झाड त्याला आठवत होतं : एक तांबड्या गराचं, एक ज्यावर मोहोळ असायचं. मी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं. नवव्या ओळीनंतर त्याने विचारलं नाही. उठला, पायात वहाणा घातल्या आणि रानाकडे चालू लागला. दारातून बाहेर पडताना मला म्हणाला, "जेवून जा."

मी त्याची वाट पाहिली. तो आला नाही. वहिनींनी ताट वाढून आणलं आणि समोर बसल्या. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. मी पहिला घास घेतला.

"भाऊजी," मग त्या म्हणाल्या, "तुमी येस्तवर जगवायची म्हनून त्या खालच्या वळीला म्या दोन उन्हाळं हिरीवरनं कळशीनं पानी घातलं. थोरला पोटात हुता तवा बी." हातातलं फडकं त्यांनी गुडघ्यावर ठेवलं. "ती झाडं मेलेलीच हुती व्हय?"

मी हो म्हणालो.